धोंडूची गाडी उशिरा धावते आहे

आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी पाऊण वाजता रात्र होते.

निदान दुसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारामागे तरी होते. (पाऊण म्हणजे नक्की किती हे मला नववीत कळलं, पण ते असो.) त्या सुमाराला आत्या खिडकीचा पडदा ओढतात आणि पंखा एकवर आणतात. कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून स्वयंपाक त्यांनी अकरालाच उरकलेला असतो. त्यानंतर जिन्यात कुणी मोठ्यानं हसलं, तर ते दार बरोबर चार बोटं उघडतं आणि फटीतून आवाज येतो, "शूऽऽ. पिल्लं निजल्येत."

निजलेली असतात समुद्री गरुडाची दोन पिल्लं. ती आत्यांच्या घरात नसतात, रत्नागिरीतही नसतात. ती असतात ऑस्ट्रेलियातल्या एका उंच झाडावरच्या घरट्यात. तिथे कुणीतरी कॅमेरा लावला आहे आणि घरट्यात जे चाललंय ते जगात कुणालाही घरबसल्या दिसतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, शिवाय तिथे हिवाळा. त्यामुळे आपल्याकडे आमटी-भाताची वेळ झाली की तिथे अंधार पडतो.

या आत्या माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या सगळ्या बिल्डिंगच्याच आत्या आहेत. लग्न केलं नाही, एकट्या राहतात, दारावर नावाची पाटी नाही. पाटीच्या जागी एक पुठ्ठा आहे: 'बेल एकदाच वाजवावी. मी बहिरी नाही.' त्यांचा चेहरा गावात फारसा कुणाला माहीत नाही, पण त्यांचा आवाज मात्र सगळ्यांना माहीत आहे. एसटी स्टँडवरच्या कंट्रोल केबिनमध्ये त्यांनी तीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्या. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. लांजामार्गे राजापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." तो आवाज त्यांचा. रिटायर झाल्या तरी तो गेलेला नाही. पोस्टमन आला तरी त्या स्वयंपाकघरातून पुकारतात.

गरुडांचंही तेच. गरुडाच्या नराचं नाव ड्रायव्हर, मादीचं नाव मॅडम. "मासा घेऊन येणारा ड्रायव्हर फांदी क्रमांक दोनवर येत आहे," हे आमच्या घरात बंद दारातूनही ऐकू येतं. आई म्हणते, आपल्याला वेगळा टीव्ही लावायची गरजच नाही.

मी एकदा विचारलं, "आत्या, हाच गरुड आपल्याकडेही आहे की. किनाऱ्यावर फिरताना दिसतो."

"दिसतो ना. पण मान वर करून बघावं लागतं," आत्या म्हणाल्या. "मी जन्मात कुणाकडे मान वर करून बघितलेलं नाही. हा बघ, कसा नजरेसमोर आहे."

मला त्यांच्या घरी बोलावणं आलं ते माझ्या इंग्रजीमुळे. लॅपटॉप पुण्याच्या भाच्यानं दिलेला. गरुडांच्या चित्राशेजारी एक रकाना असतो, त्यात जगभरचे बघणारे एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. आत्यांना त्यात बोलायचं होतं. मी तशी कुणाच्या घरी जाणारी मुलगी नाही. जिन्यात कुणी भेटू नये म्हणून दाराच्या भोकातून आधी बघून घेते. पण आत्यांनी बेल वाजवली, एकदाच, आणि आईसमोर मला म्हणाल्या, "काय गो कॉन्व्हेंट, एवढी फी भरलीन बापसानं, त्याचं चीज होऊ दे."

खातं उघडताना नाव विचारलं गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"नावाशी काय करायचंय त्यांना? लिही, रत्नागिरी कंट्रोल."

तेव्हापासून सकाळी माझं कंपनीचं काम सुरू व्हायच्या आधी तासभर मी रत्नागिरी कंट्रोल. आत्या बोलायच्या, मी इंग्रजीत टाइप करायचे.

पिल्लं अंड्यातून आली आणि आत्यांचं खरं भांडण सुरू झालं. थोरलं पिल्लू दोन दिवसांनी मोठं, दांडगं. मासा आला की ते धाकट्याच्या डोक्यावर चोची मारून त्याला कोपऱ्यात बसवायचं आणि स्वतः सगळं खायचं. थोरल्याचं नाव आत्यांनी ठेवलं साहेब. "काम काही नाही, खायला पुढे." धाकटं म्हणजे मुठीएवढा राखाडी कापूस. त्याची मान उभी राहत नव्हती.

रकान्यातल्या लोकांनी त्या धाकट्याला कसलंसं गोड नाव दिलं होतं, मोती की चांदणी अशा अर्थाचं. आत्या भडकल्या.

"हे असलं नाव? दृष्ट लागायची वाट बघतायत काय? जगत नसेल त्याला वाईट नाव ठेवायचं असतं, म्हणजे यम बघून पुढे जातो. लिही. ह्याचं नाव धोंडू."

मी लिहिलं. रकान्यात एक बाई होत्या, रोज यायच्या, खूप माहिती असलेल्या. त्यांनी समजावलं की या जातीत धाकटं पिल्लू बहुतेकदा टिकत नाही. फार जीव लावू नये, निसर्गाला त्याचं काम करू द्यावं.

आत्या खुर्चीतून उठल्या. "लिही तिला! म्हणावं, बाई, तुझ्या जिभेला काही हाड? समोर पोर जिवंत आहे, मान हलवतंय, आणि तू त्याच्या तेराव्याची पत्रावळ मांडत्येस? दुसऱ्याच्या पोराचा निकाल लावायला तुला बसवलंय कुणी?"

मी टाइप केलं: 'आम्हाला धाकट्याची काळजी वाटते. आपण आशा ठेवू या.' खाली एक हृदय लावलं.

आत्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "झालं?"

"झालं."

"मी इतकं बोलले आणि दीडच ओळ?"

"इंग्रजीत कमी जागा लागते," मी म्हणाले.

आत्यांनी चष्मा पुसला. "आता हेच मला मराठीत वाचून दाखव."

मला खोटं बोलता येत नाही, कारण बोलणंच फार येत नाही. मी वाचून दाखवलं.

"मी भांडले, आणि तू त्यांना शुभेच्छा पाठवल्यास?"

मला वाटलं आता पुकारतील सगळ्या बिल्डिंगला. पण त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ. तीस वर्षं माईकवर होते. गाडी रद्द झाली की मी रद्द म्हणायचे. लोक शिव्या द्यायचे, केबिनच्या काचेवर हात आपटायचे. पण मी 'कदाचित येईल' म्हटलं असतं ना, तर वेळणेश्वरची म्हातारी माणसं संध्याकाळपर्यंत उन्हात उभी राहिली असती. मऊ बोलून कुणाचं भलं होत नाही गो. जे आहे ते सांग. पुढचं ज्याचं तो बघेल."

त्या दिवसापासून मी जसंच्या तसं लिहायला लागले. अनोळखी माणसांना 'तुम्ही चुकताय' असं मी आयुष्यात प्रथमच म्हणत होते, तेही दुसऱ्याच्या नावानं.

बिल्डिंगमध्येही आघाडी उघडलेलीच होती. चौथ्या मजल्यावर फरशीचं काम निघालं आणि भर दुपारी ड्रिल सुरू झालं. आत्या वर गेल्या आणि कारागिरासमोर उभ्या राहिल्या. "बंद कर. माझ्याकडे रात्र आहे." तो बिचारा घाबरून जेवायला गेला. मग सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरीकाका म्हणाले, "आत्या, दुपारी एक वाजता रात्र, हे कुठल्या नियमात बसतं?"

"गणपतीत तुमचा स्पीकर ज्या नियमात बसतो, त्याच्याच शेजारी," आत्या म्हणाल्या. "तुम्ही जरा सरकून घ्या."

ड्रिलची वेळ बदलली.

पण धोंडूची तब्येत काही बदलेना. ऑगस्टच्या शेवटी तिथे वादळी वारा आणि पाऊस, ड्रायव्हरला मासा मिळेना. एक दिवस काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक बोटभर मासा आला, तो साहेबांनी गिळला. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडचीच वीज गेली. आत्यांनी बेल वाजवली. दोनदा! मी धावत गेले आणि माझ्या फोनवरून त्यांच्या लॅपटॉपला नेट दिलं.

चित्र आलं तेव्हा धोंडू काड्यांवर पालथा पडला होता. मान लांब टाकलेली. वाऱ्यानं पाठीवरचा कापूस तेवढा हलत होता.

रकान्यात लोक निरोप द्यायला लागले होते. मेणबत्त्या, फुलं, जोडलेले हात. त्या माहितीच्या बाईंनी एक कविता टाकली होती. मी आत्यांकडे बघायचं टाळलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात बॅटरी दिसत होती, वीस टक्के.

"लिही," आत्या म्हणाल्या. एकदम स्टँडवरचा, काच हलवणारा तो आवाज. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. धोंडूची गाडी रद्द झालेली नाही. गाडी उशिरा धावते आहे. प्रवाशांनी आपली जागा सोडून जाऊ नये."

मी एकही शब्द न गाळता तसंच लिहिलं. प्रवासी, गाडी, जागा, सगळं. मग कुणीतरी लिहिलं, 'मी थांबतो.' आणखी कुणी लिहिलं, 'मीही थांबले आहे.'

बॅटरी सात टक्क्यांवर आली तेव्हा फांदी क्रमांक दोन जोरात हलली. ड्रायव्हर आला होता, पायात हातभर लांब वाम मासा घेऊन. साहेबांनी खाल्लं, अजून खाल्लं, आणि गळा फुगवून झोपून गेले. तरी मासा उरला होता. मॅडमनी एक बारीक तुकडा तोडला आणि त्या पालथ्या कापसासमोर धरून ठेवला.

कितीतरी वेळ धरून ठेवला. मग ती मान थरथरत वर आली.

"खा मेल्या," आत्या हळूच म्हणाल्या. हे मी लिहिलं नाही. ते माईकवरचं नव्हतं.

त्यानंतर धोंडूनं मागे बघितलं नाही. सप्टेंबरात त्यानं साहेबांना एक चोच परत केली, तेव्हा आत्यांनी आमच्याकडे नारळाच्या वड्या पाठवल्या. दिवाळीच्या आसपास त्याला पूर्ण पिसं आली. तिकडचा उन्हाळा जवळ आला, तिथला दिवस मोठा होत गेला, आणि आत्यांची रात्र सरकत सरकत पावणेदोनवर गेली. साहेब आधी उडून गेले. चार दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमारास, धोंडू चालत चालत फांदीच्या टोकाला गेला. पंख उघडले, मिटले, पुन्हा उघडले. पुढच्या क्षणी फांदी नुसतीच हलत होती.

मी कीबोर्डवर बोटं ठेवून घोषणेची वाट बघत बसले. घोषणा आली नाही.

"तिथं माझं नाव काय आहे गो?" आत्यांनी विचारलं.

"रत्नागिरी कंट्रोल."

"बदल ते. धोंडी लिही."

"धोंडू ना?"

"धोंडू तो. मी धोंडी." त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. "माझ्या आधीची दोन गेली. मी सातव्या महिन्यातली. सुईण आईला म्हणाली, हिच्यात जीव अडकवू नको, ही काही राहत नाही. आईनं त्याच दिवशी नाव ठेवलं. शाळेत पोरं हसायची. नोकरीला लागले तेव्हा ठरवलं, आता नाव कुणाला सांगायचंच नाही. मग काय, झाले सगळ्यांची आत्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुईण गेली. मी आहे."

मी नाव बदललं. लगेच त्या माहितीच्या बाईंनीच विचारलं, या नावाचा अर्थ काय? मी लिहिलं, 'दगड.'

"मऊ करून नाही ना लिहिलंस?"

"नाही, आत्या."

मी त्या दिवशी कामावर सुट्टी टाकली. आम्ही तिथेच बसून राहिलो, पिठलंभात खाल्ला. घरट्यात वाळकी पानं इकडून तिकडे फिरत होती. पावणेदोन वाजले तशा आत्या उठल्या, खिडकीचा पडदा ओढला, पंखा एकवर आणला.

"आत्या, घरटं रिकामं आहे," मी म्हणाले.

"मला दिसतंय." त्या परत खुर्चीत बसल्या. "त्याची आज पहिली रात्र बाहेर. हळू बोल."

जिन्यात सेक्रेटरीकाका फोनवर मोठमोठ्यानं बोलत वर येत होते. आत्या उठायला लागल्या. मी त्यांना हातानंच बसा म्हटलं, दाराशी गेले, आणि दार बरोबर चार बोटं उघडलं.

"शूऽऽ," मी म्हणाले.