काकाजींची डावी नाकपुडी

“कोणती वाह्यली आज?”

“डावी.”

“मंग आज नाही इकत मी कापूस. ने बाप्पा गाडी माघारी.”

दाराआड उभी राहून हे संभाषण मी जवळजवळ रोज ऐकत असे. विषय एकच, आमच्या काकाजींचं नाक.

तिकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि इकडे अमरावतीत कापसाला सोन्याचे दिवस आले. भाव का चढतो, का उतरतो, कोणालाच कळेना. अशात एका सकाळी ओट्यावर बसलेल्या काकाजींच्या डाव्या नाकपुडीतून रक्त आलं आणि संध्याकाळी भाव चढला. आठ दिवसांनी उजवी वाहिली; भाव उतरला. झालं! बाजाराला जाणाऱ्या गाड्या आधी आमच्या ओट्यापुढे थांबू लागल्या. काकाजींचं डोकं दुखलं तर भाव जागेवर राहणार आणि अर्धशिशी असली तर अर्धाच माल विकावा, असं शास्त्रही पुढे तयार झालं.

“रगत खोटं बोलत नसते, बाप्पा,” काकाजी गंभीरपणे सांगत. रक्त थांबवायला त्यांना उत्तम, लांब धाग्याच्या बनी कापसाचाच बोळा लागे. एकदा किसनभाऊ आडत्याने हलक्या कापसाचा बोळा दिला. तो शिंकेसरशी उडून किसनभाऊच्याच पागोट्यावर जाऊन बसला.

“पाह्य,” काकाजी म्हणाले, “नाकालेबी माल समजते!”

मूळचे ते पंतोजी. पण लेकरं कापूस वेचायला जाऊ लागली आणि ओट्यावरची शाळा ओस पडली. काकू त्याआधीच गेल्या होत्या. सोबतीला उरली तपकिरीची डबी.

मी त्यांची पुतणी, छावणीतल्या मडमेच्या शाळेत शिकलेली. इंग्रजीत मला पुष्कळ कळे, मराठीत चार माणसांपुढे तोंड उघडत नसे. चैत्रात एके दिवशी काकाजींचं रक्त थांबेचना. भोवळ येऊन ते ओट्यावरच आडवे झाले. वैद्यबुवा म्हणाले, “पंतोजी, पुन्हा असं झालं तं मले बलावू नका. खांदा द्याले चौघं बलावा.”

त्या दिवशी मी धीर करून पाटीवर लिहिलं. नाकातून रक्त येण्याची कारणं: कडक ऊन, कोरडी हवा, रस्त्यावर उडणारे कापसाचे तंतू, उठल्यासुटल्या तपकीर, नाकात बोट घालणे. डोकेदुखीची: उन्हात बसणे, दिवसभर पाणी न पिणे, डोळे ताणून बारीक अक्षराची पोथी वाचणे. पाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि आत पळाले.

त्यांनी ती दोनदा वाचली. खाली लिहिलं, ‘अक्षर बरे. पाच वेळा लिहून दाखवणे.’ पण डबी फडताळात गेली. ओट्यावर वाळ्याचा ओला पडदा लागला. तांब्याभर पाणी जवळ राहू लागलं.

नाक कोरडं राहिलं. डोकंही दुखेना. पहिल्या दिवशी माणसं ताटकळून गेली. चौथ्या दिवसापासून गाड्या थांबेनाशा झाल्या.

काकाजी मात्र रोज सतरंजी अंथरत, पानाचा डबा मधोमध ठेवत आणि गाडीची खडखड आली की धोतराच्या सोग्याने नाक पुसून सोगा निरखत. पांढराशुभ्र.

“बेस झालं, बाई,” एका सकाळी ते मला म्हणाले, “गर्दी गेली. डोक्याले आराम.” मग उठले, फडताळ उघडलं आणि डबीतून भली मोठी चिमूट घेतली.

तेवढ्यात पडद्यापलीकडून किसनभाऊची हाक आली, “पंतोजी, आहे का आज काही? का जाऊ तसाच?”

काकाजींची चिमूट नाकाशी पोचत होती. रस्त्यावरच्या माणसाशी मी जन्मात बोलले नव्हते. मी पडदा बाजूला केला आणि ओरडले, “डावी! भलती वाह्यली! आत या ना किसनभाऊ, काकाजी कवाचे वाट पाहून राहिले!”