सेंट बॅसिलच्या ठळक घटना आणि ला फुर्शचा पूल

राष्ट्र म्हटले की त्याला इतिहास हवा, आणि इतिहास म्हटला की तो कुणीतरी वेळेवर छापखान्यात पाठवायला हवा. सेंट बॅसिल बेटावर ही जबाबदारी माहिती खात्यातल्या मिस थिओडोरा कॅसिमिर यांच्यावर आहे. 'वर्षातील ठळक घटना' हे सरकारी वार्षिक त्या एकोणीस वर्षे काढत आहेत. बेट लहान आहे (एका टोकाला शिंकले की दुसऱ्या टोकाला 'देव बरं करो' म्हणतात), पण ठळक घटना कधी चाळिसाच्या खाली आलेल्या नाहीत. यावरून प्रगती ध्यानात यावी.

ठळक घटनेचा नियम सोपा आहे. मंत्री हजर हवेत. फीत हवी, निदान फावडे हवे. पाद्रीबाबांची प्रार्थना हवी. आणि प्रत्येक वक्त्याने भाषणाआधी सर्व मान्यवरांची नावे मानाच्या क्रमाने घ्यायला हवीत. (गेल्या वर्षी हे होईपर्यंत दोन मान्यवरांना उन्हाने भोवळ आली. त्यांची नावे तोवर घेऊन झाली होती, त्यामुळे समारंभाला बाध आला नाही.)

यंदाचे वर्ष ला फुर्शच्या पुलाने गाजवले. जानेवारीत पुलासाठी माती उकरली. ही घटना क्रमांक दोन. मार्चमध्ये पायाचा दगड बसवला, ती क्रमांक नऊ. जूनमध्ये फीत कापली, ती क्रमांक बावीस. एका पुलातून तीन घटना निघाल्या, एवढा उतारा आमच्याकडे केळीलाही येत नाही.

ऑगस्टमध्ये वादळ आले आणि पूल घेऊन गेले. त्या आठवड्यात मंत्री परदेशी होते, वादळांना तोंड कसे द्यावे या विषयावरच्या परिषदेत. (वादळाने चार दिवस आधी कळवले होते. निमंत्रण मात्र कुणी दिले नव्हते.) मंत्री हजर नाहीत, सबब घटना नाही. आणि वार्षिकात नसलेल्या घटनेची दुरुस्ती बांधकाम खात्याला करता येत नाही. जे घडलेच नाही ते दुरुस्त तरी काय करणार? कागदोपत्री पूल उभाच होता.

मिस कॅसिमिर यांनी असे नियम एकोणीस वर्षे विनातक्रार पाळले होते. पण नदीपलीकडे ला फुर्शमध्ये त्यांची नेनेन राहत होती. नेनेन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी कडेवर घेणारी धर्माची आई. या नेनेनने तर आई वारल्यावर कडेवरून खाली ठेवलेच नव्हते. वय एक्याऐंशी, रक्तात साखर, पायाला न भरणारी जखम. दर मंगळवारी मलमपट्टीला अलीकडच्या दवाखान्यात यावे लागे. पूल गेल्यापासून दुकानाच्या ओट्यावर डॉमिनो खेळणारे चौघे डाव तसाच ठेवून उठत, तिला खुर्चीत बसवत आणि कमरभर पाण्यातून अलीकडे आणत. नदी फुगली की तो मंगळवार बुडे.

"पोरी, तुझ्या पुस्तकात माझा पूल आहे म्हणतेस ना?" नेनेन नीरफणस भाजता भाजता विचारी.

"तीनदा आहे, नेनेन."

"मग पुढल्या मंगळवारी पुस्तकच आण. त्याच्यावरून चालत जाते."

नोव्हेंबरमध्ये जखम काळी पडली. मिस कॅसिमिर सचिव मिस्टर आल्सिंडोर यांच्याकडे गेल्या.

"साहेब, पूल वाहून गेल्याची एक ओळ तरी घालू या."

"अहो मिस कॅसिमिर, मंत्री कधी पडलेल्या वस्तूपाशी जातात का? उभारलेलं काही दाखवा, उद्या आणतो."

मिस कॅसिमिर रात्रंदिवस विचार करत राहिल्या. मंत्र्यांना एकदा नदीवर आणले की पूल नाही हे त्यांना दिसेल. माणूसच आहे, डोळे आहेत. त्यांनी काठावर एक बाक ठेवला, फीत बांधली आणि 'नदीदर्शन स्थळ' अशी पाटी लावली. मंत्री आले. प्रार्थना झाली, नावे झाली, फीत कापली गेली. पलीकडच्या काठावर खुर्चीत नेनेन, आणि खुर्चीला धरून ते चौघे. मंत्र्यांनी बराच वेळ नदीकडे पाहिले.

"वा! किती मोकळं! मधे काही म्हणजे काही नाही!" ते म्हणाले, आणि त्यांनी नेनेनला हात हलवून दाखवला. नेनेननेही हलवला, ती रीतीची बाई होती.

घटना क्रमांक सत्तेचाळीस. आठवड्याभरात बांधकाम खात्याचे पत्र आले: सदर ठिकाणी पूल बांधल्यास घोषित दर्शनस्थळाच्या दृश्यास बाधा येईल, सबब प्रकरण बंद. ते पत्र वाचून मिस कॅसिमिर खात्याच्या जिन्यात बसून रडल्या. बाक त्यांनीच ठेवला होता.

पुढचे तिन्ही मंगळवार नदी फुगलेली होती. नाताळाच्या आधी रेडिओवर मृत्यूवार्ता लागल्या. त्या लागल्या की आख्खे बेट हातातला चमचा थांबवते. निवेदिकेने सावकाश वाचले: ला फुर्शची हायसिंथ फेलिसियें, 'मा फेल' या नावाने सर्वांना माहीत, मागे दोन बहिणी, अकरा भाचरे, माहिती खात्यातील मिस थिओडोरा कॅसिमिर, आणि इतर इतके की नावे घेणे शक्य नाही.

सरकारी खात्याचे नाव ऐकून मंत्र्यांनी अंत्यविधीला येण्याचे ठरवले. मंत्र्यांना कमरभर पाण्यातून नेता येत नाही. म्हणून कार्निव्हलच्या मंचाच्या फळ्या आणून एका दिवसात नदीवर पूल टाकला. (मजबूत होता. बँडची गाडीही गेली.) मंत्री कोरड्या बुटांनी पलीकडे गेले, आणि नेनेन पुलावरून अलीकडे दफनभूमीत आली. दुसऱ्या दिवशी फळ्या मोजून परत गेल्या. कार्निव्हल तोंडावर आला होता.

घटना क्रमांक अठ्ठेचाळीस मिस कॅसिमिर यांनी स्वतः लिहिली. माननीय मंत्री, पाद्रीबाबा, सचिव, बँडमास्तर, सगळे मानाच्या क्रमाने. फोटोत पूल छान आला आहे.

छापखान्यातून पहिली प्रत आली, तेव्हा ती घेऊन त्या ला फुर्शच्या काठावर गेल्या आणि त्याच बाकावर बसल्या. पलीकडे डॉमिनोचा डाव चालू होता. चौघांपैकी एकाने ओरडून विचारले, "काय मिस, आम्ही आहोत का पुस्तकात?"

त्यांनी पाने चाळली. अठ्ठेचाळीस घटना, तीनशे बारा नावे. दर मंगळवारी खुर्ची उचलणाऱ्या चौघांचे एकही नाव नव्हते. मिस कॅसिमिर यांना ती माहीतच नव्हती. त्यांनी कधी विचारली नव्हती. ती या गोष्टीतही आलेली नाहीत. आणि वाचकहो, मंत्र्यांचे बूट कोरडे राहिले हे आपल्या नीट लक्षात आहे. पण त्या चौघांची नावे इथवर येईपर्यंत आपणही विचारली नाहीत.