उत्स्फूर्ततेचं नमुना उत्तर

सॅक्सोफोनच्या तोंडाशी बोरूच्या काडीची एक पातळ पट्टी बसवतात. तिला रीड म्हणतात. तिच्या टोकाची जाडी मी स्वतः मोजली आहे: एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाइतकी. कोरडी रीड नीट थरथरत नाही, म्हणून वादक ती आधी तोंडात धरून भिजवतो. आमचे जॅझचे प्राध्यापक त्यासाठी चार मिनिटं घेत. या चार मिनिटांत माणसाला बोलता येत नाही. पुढे जे घडलं, त्याचं मूळ इथे आहे.

मी पदार्थविज्ञान शिकवते. महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षावर माझी नेमणूक झाली, कारण माझ्याकडे चालू स्थितीतलं स्टॉपवॉच होतं. जॅझच्या तासाला बसून मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पहिली चार मिनिटं शिक्षक तोंडात काडी धरून गप्प.' ही नोंद त्यांच्या बढतीच्या फायलीत गेली. त्यांना सगळे प्राध्यापक म्हणत, पण कागदावर ते अजून सहयोगीच होते, आणि ती फाईल नऊ वर्षं पाच टेबलांवरून फिरत होती. माझ्या नोंदीमुळे ती पुन्हा पहिल्या टेबलावर आली.

खुलासा मागवला गेला. त्यांनी लिहिलं की रीड भिजवणं हा वादनाचाच भाग आहे. कक्षाने ते मान्य केलं आणि हा भाग कामाच्या वेळेआधी उरकावा असा आदेश काढला. त्या दिवसापासून ते घरूनच तोंडात रीड धरून येऊ लागले. फाटकावरच्या रखवालदाराच्या नमस्काराला नुसती मान हलवू लागले. बढती जवळ आल्यावर माणूस कसा बदलतो, हे रखवालदाराने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या निरीक्षणात त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, "आता सुचेल ते वाजवा." मी तेही लिहिलं. कक्षाच्या अध्यक्षांना या वाक्याने झोप लागेना. कोणाला सुचेल? काय सुचेल? आणि नाहीच सुचलं तर जबाबदार कोण? अभ्यासक्रमात उत्स्फूर्त वादनाला चार श्रेयांक होते, तेव्हा चार श्रेयांकांइतकं तरी सुचायलाच हवं होतं. म्हणून प्रपत्र निघालं. ते वादनाच्या सात दिवस आधी द्यायचं. त्यात एक रकाना होता: 'ऐन वेळी सुचणारे स्वर, संख्येसह.'

प्राध्यापकांनी भरलं, 'तेव्हा कळेल.' रकान्यात फक्त अंक चालतात म्हणून प्रपत्र परत आलं. मग त्यांनी ३१२ लिहिलं. तो त्यांच्या घराचा क्रमांक होता, हे मला फार उशिरा कळलं.

वार्षिक कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत बसून मोजलं. स्वर भरले तीनशे सत्तेचाळीस. पस्तीस स्वर विनापरवाना. लोकांना ते आवडले, असा त्यांचा लेखी बचाव होता.

"आवडले हे मान्य," अध्यक्ष म्हणाले. "पण कोणते पस्तीस?"

हे कोणालाच सांगता येईना. उपसमिती बसली. शेवटचे पस्तीस हेच जादा धरावेत आणि यापुढे तीनशे बाराव्या स्वरावर थांबावं, असं ठरलं. पुढच्या कार्यक्रमात प्राध्यापक मोजून थांबले. तान अर्ध्यावर होती, छातीत निम्मा श्वास शिल्लक होता. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. एका समीक्षकाने 'धाडसी अपूर्णता' या शब्दांत तिचा गौरव केला.

विचलन शून्य. फाईल दोन टेबलं पुढे सरकली.

शून्य विचलनाचं वादन वाया जाऊ नये म्हणून ते नमुना उत्तर ठरलं आणि सगळ्या वर्गाला नेमलं गेलं. उत्स्फूर्ततेचे शिकवणीवर्ग निघाले. मुलं ती तीनशे बारा स्वरांत पाठ करत, अर्ध्या तानेत थांबत. त्या वादनाच्या ध्वनिचित्रफितीत प्राध्यापकांनी मध्येच नाक खाजवलं होतं. तिथे सगळा वर्ग एकसाथ नाक खाजवी. प्राध्यापक खिडकीशी उभे राहून हे ऐकत. फाईल आता चौथ्या टेबलावर होती.

मग वार्षिक परीक्षा आली. शेवटच्या बाकावरच्या मुलीने नमुना उत्तर वाजवलंच नाही. तिने दुसरंच काही वाजवलं. मी मोजलं: दोनशे अठ्ठ्याण्णव स्वर, पैकी नमुन्याशी जुळणारे चार, तेही चुकून. ते कसं होतं, यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. एवढं नोंदवते की आवाज कसला म्हणून अध्यक्ष दाराशी आले आणि त्यांचा उजवा बूट दोन मिनिटं दहा सेकंद तालावर हलत होता. प्राध्यापकांनी डोळे मिटले होते. स्टॉपवॉच बंद करायचं माझ्याकडून राहून गेलं.

नियम सरळ होता. जुळणी दहा टक्क्यांच्या खाली तर गुण शून्य, आणि मुलीचं वर्ष वाया. परीक्षकाने याहून जास्त दिले तर ते त्याचं स्वतःचं विचलन, आणि त्याची फाईल पहिल्या टेबलावर. प्राध्यापकांना निवृत्तीला आठ महिने उरले होते.

मी गुण विचारले. त्यांनी रीड तोंडात घातली.

तीन आठवडे हेच चाललं. गुणांचा विषय निघाला की रीड तोंडात. शेवटी त्यांच्या पत्नीचा मला फोन आला. "मॅडम, घरी भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी हे काडी चोखत बसतात हो. काय चाललंय तुमच्याकडे?" मी विषय सांगितला. त्या म्हणाल्या, "लग्नाला हो म्हणायलासुद्धा पाच महिने ती काडीच तोंडात होती. शेवटी हो मीच म्हटलं, दोघांच्या वतीने. पण हे काही मी म्हणू शकत नाही."

अकराव्या वर्षी फाईल पाचव्या टेबलावर पोचली. बैठकीला आम्ही पाच जण होतो. नेमणुकीचं पत्र छापून तयार होतं, सहीची जागा तेवढी मोकळी होती. अध्यक्ष म्हणाले की सगळं चोख आहे, एकाच विद्यार्थिनीचे गुण तेवढे राहिलेत, ते आत्ता तोंडी सांगितले तरी चालेल, मॅडम लिहून घेतील.

प्राध्यापकांच्या तोंडात रीड होती. मी सवयीने स्टॉपवॉच सुरू केलं. चार मिनिटं झाली. नऊ झाली. टेबलाखाली अध्यक्षांचा उजवा बूट हलत होता, आणि ताल नमुना उत्तराचा नव्हता. मी लेखणीचं टोपण काढलं. अध्यक्षांनी स्वतः शंभर म्हणायला नियमाची आडकाठी नव्हती. मोजणीत चूक झाली असं मी म्हणायलाही नव्हती. आम्ही सगळे प्राध्यापकांकडे बघत राहिलो.

वाचकांनीही इथे मनातल्या मनात एक आकडा म्हटला असेल. खोलीतल्या पाचही जणांनी तोच म्हटला होता. मनातल्या मनात म्हणायला प्रपत्र लागत नाही, आणि कोणाची फाईलही मागे जात नाही.

चौदाव्या मिनिटाला प्राध्यापकांनी रीड तोंडातून काढली, रुमालाने पुसली आणि डबीत ठेवली.

"शून्य लिहा, मॅडम," ते म्हणाले.