राजभांडाराची खिडकी

एका जंगलात, मुलांनो, मंदी आली.

मंदी म्हणजे काय ते आधी सांगतो. त्या जंगलात लागोपाठ दोन उन्हाळे मोहाला फूलच आलं नाही. मग अस्वलं घरात बसून राहिली. पोपटांनी लग्नं पुढं ढकलली. लग्नं नाहीत, म्हणून कुणाला नवी ढोली नको. ढोली नको, म्हणून हैबती सुतारपक्षी रिकामा बसला. झालं. एवढीच ती मंदी. मला मात्र हे महाराजांना समजावून सांगायला आठ दिवस लागले होते, कारण त्या जंगलाचा अर्थसल्लागार मीच होतो.

हसू नका. माझं नाव काटेराव साळिंदर. मी सल्लागार कसा झालो, तेही सांगून टाकतो. व्याघ्रमहाराजांनी एकदा मला पाठमोरं पाहिलं. "एवढ्या लेखण्या अंगावर बाळगतो, म्हणजे हा प्राणी विद्वानच असणार," असं ते म्हणाले. मला अर्थशास्त्रातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. पण तसं सांगायला जी हिंमत लागते, तीही नव्हती.

तर हैबती. हैबती फार कसबी. आणि त्याची बायको ठकूबाई त्याच्याहून कसबी. तो खोडात भोक पाडायचा, ती आतून ढोली गुळगुळीत करायची. चोचीनं दोन ठोके मारून खोडात काय आहे, काय नाही, हे ती सांगायची. जंगलातले निम्मे पोपट आणि पिंगळे त्यांनीच कोरलेल्या ढोल्यांत लहानाचे मोठे झाले. ज्याची ढोली कोरायची, त्यानं सुताराच्या पिल्लांना खाऊ घालायचं, असा तिथला रिवाज होता.

हैबतीला पिल्लं तीन. काम थांबलं, तसं त्यांचं खाणं थांबलं. सुक्या लाकडात अळ्या शोधाव्यात, तर त्या सगळ्या जंगलानं आधीच वेचून खाल्ल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, जंगलात खायला काहीच नव्हतं का? होतं की. नदीकाठी अर्जुनाचं एक प्रचंड जुनं झाड होतं, आतून पोकळ. तेच राजभांडार. चांगल्या दिवसांत प्रत्येक जण आपल्या कमाईतला वाटा त्यात आणून टाकायचा. वाळवलेल्या अळ्या, चारोळ्या, मोहाची सुकी फुलं. वाईट दिवसांत उपयोगी पडावं म्हणून. हैबतीनंही वर्षानुवर्षं टाकला होता. झाडाच्या बुंध्याशी एकच दार होतं आणि दारात दोन रानडुकरं पहाऱ्याला होती.

महाराजांनी मला बोलावलं.

"काटेराव, कष्टकरी कुटुंबांचे हाल चालले आहेत म्हणे. भांडार उघडा आणि वाटून टाका."

पाहिलंत? महाराजांना अर्थशास्त्र येत नसल्यामुळं त्यांनी सरळ उत्तर देऊन टाकलं. विद्वान मी होतो.

"महाराज, असं एकदम वाटता येत नाही," मी म्हणालो. "लोक आळशी होतील. आधी धोरण पाहिजे."

"बरं. मग लवकर आखा."

मी करवंदीच्या जाळीत कचेरी थाटली. मदतीला सरडेभाऊसाहेबांना घेतलं. ते कारकून होते आणि ज्या कागदावर बसतील त्या कागदाचा रंग घ्यायचे. मग मी धोरणाचं पहिलं पान लिहिलं. पहिल्या पानावर व्याख्या असावी लागते. मी लिहिलं, 'कष्टकरी म्हणजे जो कष्ट करीत आहे तो.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोठ्यांदा तीनदा वाचून काढलं.

पहिल्याच दिवशी हैबती आणि ठकूबाई आली.

"काम काय करता?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ढोल्या कोरतो जी," हैबती म्हणाला.

"सध्या कुठं चालू आहे काम?"

"सध्या नाही. म्हणून तर आलो."

"काम नाही म्हणजे कष्ट नाहीत," भाऊसाहेब म्हणाले. "आणि ही योजना कष्टकऱ्यांसाठी आहे."

हैबतीनं माझ्याकडं पाहिलं. "साहेब, काम असतं तर मी इथं कशाला आलो असतो?"

मुलांनो, खोटं बोलत नाही. त्याचं बरोबर आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण व्याख्या माझी होती. मी म्हणालो, "तुमची अडचण मी नोंदवून घेतो." आणि खरोखरच नोंदवून घेतली. पिल्लं तीन, हेसुद्धा लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून हैबती कामाला लागला. कुणी सांगितलेलं नसताना तो दिसेल त्या झाडात ढोली कोरू लागला. त्याचं बघून बाकीचेही लागले. सुगरणी घरटं विणायच्या, उसवायच्या, पुन्हा विणायच्या. मुंग्यांनी सगळं वारूळ वाटेच्या अलीकडून पलीकडं नेलं आणि पलीकडून अलीकडं आणलं. सगळ्यांची पोटं रिकामी, आणि सगळे घामाघूम.

भाऊसाहेब तपासणीला गेले. हैबतीनं कोरलेल्या सात ढोल्या त्यांनी आत डोकावून पाहिल्या.

"गिऱ्हाईक कोण?"

"कुणी नाही."

"मग हा छंद झाला," भाऊसाहेब म्हणाले आणि पुढच्या झाडाकडं वळले.

मी मात्र महाराजांना पहिला अहवाल पाठवला. 'जंगलात सर्वत्र ठोकाठोक ऐकू येत आहे. रोजगार वाढला आहे.' महाराज खूश झाले. त्यांनी मला एक भोपळा बक्षीस दिला. मी तो एकट्यानं खाल्ला.

त्याच आठवड्यात ठकूबाई कचेरीत आली. एकटीच.

"साहेब, अर्जात दुरुस्ती करायची आहे."

"बोला."

"पिल्लं तीन लिहिलीत. दोन करा."

मी तीन खोडून दोन केले. आणि वर म्हणालो, "वेळेवर कळवलंत, बरं झालं."

ती रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली आणि मग उडून गेली. माझ्या अंगावर इतके काटे आहेत की बिबट्यासुद्धा जवळ येत नाही. पण ते बघणं सगळ्या काट्यांमधून वाट काढत आत शिरलं.

मी त्या दिवशी पहिल्यांदा कचेरी सोडून चालत गेलो. हैबतीच्या सागवानाखाली उभा राहिलो. वर उरलेली दोन पिल्लं होती. थोरल्या पिल्लाची हाक कशीबशी ऐकू येत होती. धाकट्याची येतच नव्हती.

"ते मान उचलत नाही आता," हैबती खाली येऊन म्हणाला. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलत होता.

व्याख्या बदलून टाकावी, असं मनात आलं. पण व्याख्या बदलायला समितीची बैठक लागते. समितीत मी एकटाच होतो आणि बैठकीला किमान तिघे हजर पाहिजेत, असा नियम होता. तोही मीच केला होता. शेवटी मला एक युक्ती सुचली. गिऱ्हाईक पाहिजे ना? मीच गिऱ्हाईक होतो.

"हैबती, कचेरी राजभांडाराच्या शेंड्याला हलवायची आहे," मी म्हणालो. "वर एक हवेशीर खिडकी कोरून दे. सरकारी काम आहे. म्हणजे तू कष्टकरी झालास."

हैबतीचे डोळे भरून आले. तो माझ्या पाया पडायला वाकला. काट्यांमुळं त्याला ते नीट जमलं नाही.

मी कचेरीत येऊन भाऊसाहेबांना म्हणालो, "उद्या हैबतीला भांडारातलं खाणं द्या."

"उद्या कसं देता येईल? काम पुरं झाल्याचा दाखला, मग तपासणी, मग दोन महिन्यांनी मंजुरी."

"हा नियम कुणी केला?"

"आपणच, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती झाडाच्या शेंड्याला माप घेऊ लागला. ठकूबाई मात्र वर गेली नाही. ती खोडावर दोन ठोके मारायची, कान लावायची, थोडी खाली सरकायची. पुन्हा ठोके, पुन्हा कान. झाडाच्या मध्यावर येऊन ती थांबली.

"साहेब, खिडकी इथं बरी," ती म्हणाली.

"तिथं कशाला? तिथं तर आत सगळा माल…"

मी बोलता बोलता थांबलो. ती तशीच बघत होती, अर्जात दुरुस्ती करायला आली होती तेव्हा बघत होती तशी.

"इथून हवा चांगली येईल," ती म्हणाली.

मुलांनो, माझ्या सगळ्या नोकरीत मी तेवढा एकच निर्णय कागदावर न लिहिता घेतला.

"बरं," मी म्हणालो. "जरा मोठीच करा."

बारा-पंधरा ठोके पडले असतील. मग खोडातून आधी एक चारोळी पडली. मग चार. मग पोतं फाटल्यासारखा सगळा माल भळाभळा खाली येऊ लागला. अळ्या, फुलं, चारोळ्या.

"अगं, हे काय केलंस!" शेंड्यावरून हैबती ओरडला.

ठकूबाईला उत्तर देता येत नव्हतं. तिची चोच भरलेली होती आणि ती सागवानाकडं निघालीही होती.

सुगरणी आल्या. मुंग्या वारूळ अर्ध्या वाटेत टाकून आल्या. दारातली रानडुकरं आपल्या जागी ताठ उभी राहिली. त्यांच्याकडं दाराची जबाबदारी होती आणि दारातून कुणीच आत जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी हैबतीच्या धाकट्या पिल्लानं मान उचलली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर थोरल्याला टोचलं.

महाराजांचं बोलावणं आलं. आता आपल्याला खाणार, असं समजूनच मी गेलो.

"काटेराव, भांडाराला भोक पडलं म्हणे."

"होय महाराज."

"आणि कष्टकरी कुटुंबं जेवू लागली म्हणे."

"होय महाराज."

"म्हणजे हेच तुमचं धोरण होतं तर!"

खरं म्हणजे मी तिथं ठकूबाईचं नाव घ्यायला हवं होतं. पण भीतीनं मी नुसती मान खाली घातली. महाराजांना तो विनय वाटला. त्यांनी भर दरबारात मला 'मंदीमर्दन' ही पदवी दिली आणि शेजारच्या दोन जंगलांत भाषणं द्यायला पाठवलं. मी गेलो. भाषणं चांगली झाली.

"फक्त ते भोक आता बुजवून टाका," मी निघताना महाराज म्हणाले होते. "शिस्त पाहिजे."

मी लगेच भोक बुजवण्यासाठी समिती नेमली. समितीत एक कासव घेतलं, एक गोगलगाय घेतली आणि नुकताच हरीण गिळून पडलेला एक अजगर अध्यक्ष केला. आयुष्यात एवढं एकच काम मी मन लावून केलं.

पुढच्या उन्हाळ्यात मोह आपला आपणच फुलला. पोपटांची लग्नं लागली. हैबतीकडं ढोल्यांसाठी रांग लागली. हे सगळं माझ्या धोरणामुळं झालं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. त्याच दिवसांत ठकूबाई वाटेत भेटली.

"साहेब, पुन्हा मंदी आली तर हो?"

"तर पुन्हा धोरण आखू," मी म्हणालो.

तिनं थोडा विचार केला.

"आखा," ती म्हणाली. "पण माल कुठल्या भिंतीमागं ठेवणार, तेवढं आम्हाला आधी सांगा."

तात्पर्य: गरिबांसाठीची योजना कधीही अगदी भक्कम, निर्दोष आखू नये. तिला कुठंतरी एक भोक राहू द्यावं. नाहीतर मदत त्यांच्यापर्यंत पोचणार कशी?