हौशीरामांनी न पाहिलेला सिनेमा

हौशीराम गराड्यांनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नव्हता. तरीही शुक्रवारी लोणावळ्याच्या 'डोंगरवारा' साप्ताहिकात 'कड्यावरची कस्तुरा' या चित्रपटावर त्यांचं पत्र छापून आलं. दोन रकाने! पहिल्या पानावर! ही बातमी घोरावाडी स्टेशनाजवळच्या त्यांच्या वस्तीत पोचली तेव्हा हौशीराम गोठ्यात म्हशीच्या अंगावर पाणी ओतत होते, आणि त्यांची दहावीतली लेक मुक्ता चुलीपुढे बसल्या बसल्या मरून पडली होती. म्हणजे श्वास चालू होता, एवढंच.

कारण पत्र तिनं लिहिलं होतं.

आता न लिहून करणार काय? 'डोंगरवारा'त 'परखड' नावानं कुणीतरी सिनेमांची परीक्षणं लिहायचं. ज्या 'कस्तुरा'साठी लोणावळ्यात सहा आठवडे रांगा लागत होत्या, तिच्याबद्दल या गृहस्थानं लिहिलं होतं, "एका बाईने सात दरोडेखोर लोळवावेत हे बुद्धीला पटत नाही. स्त्रीपात्र रडले तरच पडद्यावर शोभते." मुक्ताचं डोकं फिरलं. एक तर शोभण्याचा प्रश्नच नव्हता, कस्तुराच्या जागी रडत बसली असती तर तिचा मुडदा पडला असता. आणि दुसरं म्हणजे दरोडेखोर सात नव्हते, नऊ होते. मुक्तानं स्वतः मोजले होते. लोणावळ्याची तिची शाळा अर्ध्यात सुटली त्या बुधवारी, बाराच्या खेळाला, पडद्यापासून दुसऱ्या रांगेत बसून.

तिनं एका दमात चार पानं लिहिली. शेवटी सही करायची वेळ आली आणि लेखणी थांबली.

त्यांच्या घराण्यात बाईचं नाव फक्त लग्नपत्रिकेत छापत. आणि सिनेमाबाबत आबांचा, म्हणजे हौशीरामांचा, कायदा तर त्याहून सोपा होता. पोरगी सिनेमाला गेली की दप्तर माळ्यावर आणि पोरगी सासरी. हे नुसतं बोलणं नव्हतं. चुलतबहीण रतन वडगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा बघून आली ती पौषात, आणि माघात तिचं लग्न लागलं. आता ती पवन मावळात दोन म्हशी आणि एक सासू सांभाळते. मुक्ताला अकरावी करायची होती, पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. म्हणून तिनं खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'आपला, हौशीराम अंबाजी गराडे'. आबा कॅलेंडर सोडून काही वाचत नाहीत, हा तिचा हिशेब होता.

पण आबा वाचत नसले तरी शेजारचा नवसू वाचत होता ना! तो अंक फडकवतच गोठ्यात शिरला.

"भाऊ, तुमचं नाव आलंय पेपरात!"

हौशीरामांच्या हातातली बादली खाली पडली. "कोर्टाचं काय निघालं का रं? बांधाचं?"

"कोर्टाचं न्हाई वो, सिनेमाचं! त्या परखडाची पार सालटी काढलीया तुमी."

"म्या?"

"मंग काय म्या? ऐका." आणि नवसूनं म्हशीसमोर उभं राहून सगळं पत्र खणखणीत आवाजात वाचलं. चुलीपाशी मुक्ताची भाकरी काळी झाली.

"म्या न्हाई लिवलं ह्ये," हौशीराम म्हणाले.

"बघा! एवढं लिवूनशान केवढा इनय!" नवसू त्यांच्या पायाच पडला.

त्या दिवशी हौशीराम देहूरोडच्या डेपोत कामावर गेले तेव्हा कधी मान वर न करणाऱ्या साहेबानं त्यांना खुर्ची दिली. वर चहा दिला. "गराडे, तुमच्यात एवढं आहे हे माहीत नव्हतं," साहेब म्हणाला. सकाळी नऊला "म्या न्हाई लिवलं" असं ठामपणे सांगणारे हौशीराम बाराला "तसं लिवलं न्हाई म्हना" म्हणू लागले. आणि संध्याकाळी गाडीतून उतरता उतरता ते कुणाला तरी सांगत होते, "आता मानसाच्या हातनं कवा काय लिवून जाईल, सांगता येतंय व्हय?"

मुक्ताला वाटलं, सुटले! पत्र आबांनीच लिहिलंय, संपला विषय. पण गावात कुणाचं नाव छापून आलं आणि गाव गप्प बसलं असं कधी झालंय का? नाव छापलं की सत्कार. रविवारी सकाळी विठोबाच्या देवळात शाल, श्रीफळ आणि हौशीरामांचं 'कस्तुरा'वर भाषण ठरलं. अध्यक्ष कोण? तर खुद्द परखड! नवसूच लोणावळ्याला जाऊन त्यांना बोलावून आला. "ज्याची सालटी काढली त्योच अध्यक्ष पायजे," तो म्हणाला, "त्याबिगर सत्काराला वजन न्हाई."

शनिवारी आबांनी मुक्ताला हाक मारली. आवाज एकदम मऊ होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मुक्ते, त्ये माझं पत्र जरा वाचून दाव. लिवताना ध्येनात व्हतं, आता इसारलंय."

मग दिवसभर मुक्ता वाचायची आणि आबा घोकायचे. दरोडेखोर नऊ. तलवार डाव्या हातात. कड्यावरून उडी दोनदा. आबांना सराव म्हणून फुकणी हातात घ्यायची हुक्की आली.

"आन ती उडी मारती तवा लुगडं कसं न्हाई सुटत गं?"

"काष्टा घातलेला असतो ना तिनं, आबा."

"तुला काय ठाव?"

मुक्तानं अंक तोंडासमोर धरला. "तुमच्याच पत्रात आहे की, आबा."

"हां. लिवलं असंल म्या." आबा पुन्हा फुकणी फिरवू लागले. आई भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "पोरीच्या शाळंपेक्षा ह्येंचीच परीक्षा लय अवघड दिसतीया."

रविवारी परखड आले. मुक्तानं मनात मिशीवाला, करड्या आवाजाचा राक्षस रंगवला होता. प्रत्यक्षात गाडीतून उतरले ते हनुमंतराव टेमगिरे नावाचे काडीसारखे गृहस्थ, बोटांची टोकं छापखान्याच्या शाईनं काळी झालेली. 'डोंगरवारा'चे संपादक तेच, मुद्रक तेच आणि परखडही तेच. शाल-श्रीफळ झालं. हौशीराम उभे राहिले आणि त्यांनी एका श्वासात सगळं पत्र म्हणून दाखवलं, अगदी 'आपला, हौशीराम अंबाजी गराडे' इथपर्यंत. टाळ्यांनी देऊळ दणाणलं. मुक्ता बायकांच्या बाजूला खांबाआड बसून नखं खात होती. झालं, आता प्रसाद वाटा आणि घरी चला, असं ती विठोबाला विनवत होती.

पण टेमगिरे उठले. सगळ्या मावळासमोर त्यांची अब्रू गेली होती, ते असे थोडेच जाणार?

"गराडे, पाठांतर उत्तम आहे," ते म्हणाले. "आता एकच सांगा. दरोडेखोरांच्या मागे जाताना नायिकेचा जो घोडा आहे, तो कुठल्या रंगाचा?"

पत्रात घोडा नव्हता. हौशीरामांनी छताकडे पाहिलं. विठोबाकडे पाहिलं. नवसूकडे पाहिलं.

"घोडा..." ते म्हणाले.

"हं?"

"घोडा म्हंजी... घोड्याच्याच रंगाचा व्हता."

टेमगिरे हसले. "मंडळी, यांनी सिनेमा पाहिलेलाच नाही! पांढरा शुभ्र घोडा, सगळ्या मावळानं पाहिला, आणि—"

"घोडा नाहीच आहे त्यात!"

हे कोण बोललं म्हणून मुक्तानंही इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं, आपणच उभ्या आहोत. आता उभंच राहिलोय तर, असा विचार करून ती पुढे बोलत सुटली. "ती बैलगाडीतून जाते! एक बैल लंगडतो म्हणून तर दरोडेखोर पुढे निघून जातात! पांढरा घोडा फक्त भिंतीवरच्या जाहिरातीत आहे. तुम्ही जाहिरात बघून परीक्षण लिहिलंत!"

टेमगिरे मटकन खाली बसले.

"छपाईचे खिळे मी जुळवायचे, अंक मी छापायचा, स्टेशनावर विकायचा मीच," ते पुटपुटले. "तीन तास सिनेमाला आणू कुठून? दोन वर्षं झाली हो, थेटराची पायरी चढलो नाही."

लोक हसू लागले, पण मुक्ताला ते ऐकू येत नव्हतं. कारण आबा तिच्याकडे बघत होते. तिला डोळ्यांसमोर दप्तर दिसत होतं, ते एकेक पायरी चढून माळ्यावर चाललं होतं.

नवसूनं डोकं खाजवलं. "पर मुक्ताबाईला बैल लंगडतोय ह्ये कसं ठाव?"

सगळ्या माना हौशीरामांकडे वळल्या. खरं सांगावं तर शाल परत द्यावी लागणार, साहेबाची खुर्ची जाणार. हौशीरामांनी खांद्यावरची शाल नीट केली आणि घसा साफ केला.

"म्याच धाडलं व्हतं तिला. आमच्यात आसंच हाय. ती बगती, म्या लिवतो."

"वा!" टेमगिरे ताडकन उठले. बुडत्याला ओंडका सापडला होता. "मग आजपासून परखड तुम्हीच! दर गुरुवारी मजकूर पाठवा. माझी सुटका झाली!"

पुन्हा टाळ्या. दप्तर माळ्यावर गेलं नाही. उलट शाळा पक्की झाली, कारण लोणावळ्याला रोज जाणारं माणूस आता परखडांना हवंच होतं. मुक्तानं त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. तालुक्यात अशी एकच मुलगी, जिला बाप स्वतः सिनेमाला धाडतो!

बुधवारी आबांनी तिला नवा सिनेमा बघायला पाठवलं. त्यात सून सासूचे पाय चेपते, मग नणंदेचे चेपते, मग पुन्हा सासूचे. घरी आल्यावर आबांनी शाल पांघरली, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "हां, सांग. काय व्हतं?"

मुक्तानं सांगितलं.

"झ्याक हाय की! लिव. 'परत्येक पोरीनं बगावा आसा सिनेमा.'"

"आबा, भिकार आहे तो! मी नाही असलं लिहिणार."

"परखड कोन हाय? तू का म्या?"

"तुम्ही. पण बघितला मी ना!"

"बरं, खरं सांग. बगताना डोळ्यात पानी आलं का न्हाई?"

"आलं," मुक्ता म्हणाली. "जांभया देऊन देऊन."

"पानी आलं ना? मग लिव," परखड म्हणाले. "'आमचं डोळं भरून आलं.'"

मुक्तानं लिहिलं. आणि या वेळी तिचे डोळे खरोखरच भरून आले.