कुंभिवलीची अनुभवी गर्दी

हे कुणालाही पटणार नाही, लावा पैज. पण जन्म आणि मरण सोडलं तर माणसाला प्रत्येक गोष्टीचा सराव लागतो, आणि प्रेमाचा सराव कुंभिवलीइतका अख्ख्या महाराष्ट्रात दुसऱ्या गावाला नाही. (येसाजी, तू चहा पी. हरकती शेवटी.)

कारण साधं आहे. कर्जतच्या बाजूला फार्महाउसांवर प्रेमाच्या सिनेमांची शूटिंगं चालतात, आणि त्यांत मागे उभी राहणारी गर्दी गेली बारा वर्षं कुंभिवलीहून जाते. नायकाने गुडघा टेकला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच काम. आजवर गावाच्या नावावर एकशे चौदा गुडघे, एकोणचाळीस भर मांडवात मोडलेली लग्नं आणि एक पळालेला घोडा जमा आहे. अंबूबाई तर तिसऱ्या रांगेत उभी राहून पदराने डोळे टिपण्यात इतकी तरबेज, की खऱ्या मयताला तिला नातेवाईक मागे उभं राहायला सांगतात.

अशा गावात स्वप्नील जन्मला. साजगावच्या कारखान्यात पहिली पाळी, गरीब स्वभाव. शेलूच्या समीक्षाशी त्याची सोयरीक जुळली. ती खोपोलीत एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. पोरगी त्याला इतकी आवडली होती की कांदेपोह्यांत मीठ नव्हतं हे त्याला घरी आल्यावर कळलं.

एका रविवारी तिने फोनवर विचारलं, "लग्नानंतर सकाळी सहाला आपण दोघंही बाहेर पडणार. डबे कोण करणार?"

"बघू की."

"बघून सांग. तोवर तारीख धरू नका."

उत्तर स्वप्नीलच्या जिभेवर होतं. पण दशरथमामाने फोन हिसकावून बंद केला. दशरथमामा म्हणजे गर्दी पुरवणारा माणूस, टेंपोसकट.

"गप रं! नायक असा पटकन बोलतो काय? एका वाक्यात मिटलं तर सिनेमा किती मिनिटांचा व्हायचा?"

याला तोड नव्हती. सबब समिती नेमण्यात आली, आणि असं ठरलं की जे वाक्य बोलल्याने गैरसमज मिटेल ते वाक्य सोडून नायकाला काहीही करण्याची मुभा राहील.

कलम पहिलं, आदळणे. प्रेमात पडण्याआधी दोघांनी एकमेकांवर आदळलंच पाहिजे. यांची तर सुपारीही फुटली होती. म्हणून पूर्वलक्षी प्रभावाने आदळण्याचं ठरलं. शेलूच्या बाजारात समीक्षा अंड्यांचा ट्रे घेऊन येत असताना स्वप्नील तिच्यावर जाऊन आदळला. तीसपैकी एकोणतीस फुटली. उरलेलं अंबूबाईने फोडलं. (काम अर्धवट ठेवू नये.)

कलम दुसरं, पाऊस. मे महिना असल्यामुळे टँकर बोलावला. पण टँकर दिसताच बाया हंडे घेऊन धावल्या, आणि सगळा पाऊस बासष्ट हंड्यांत भरून घरोघर गेला. नायकाच्या अंगावर आले ते फक्त शिंतोडे. समितीने त्यांची नोंद 'हलक्या सरी' अशी केली.

कलम तिसरं, धावणे. खिशात चालू फोन असला तरी नायकाने निरोप धावतच पोचवावा. स्वप्नील कुंभिवलीपासून खोपोलीपर्यंत धावला. मागून मामाचा टेंपो, टेंपोत सत्तावीस माणसं आणि एक रिकामी जागा. जागा त्याचीच होती. पण नियम म्हणजे नियम.

लॅबच्या दारात त्याने गुडघा टेकला. समीक्षाने तोंड उघडायच्या आत टाळ्या कडाडल्या, अंबूबाईचा पदर डोळ्याला गेला.

"डब्याचं काय?" समीक्षा म्हणाली.

नायिका ठरल्यापेक्षा वेगळं बोलली, तर त्याचा अर्थ अनुभवी गर्दीला एकच ठाऊक असतो: रीटेक.

"पहिल्या जागेवर!" मामा ओरडला.

सत्तावीस माणसं निमूट टेंपोत जाऊन बसली. स्वप्नील कोपऱ्यापर्यंत मागे गेला, धावत आला, गुडघा टेकला. टाळ्या. पदर. "डब्याचं काय?" पुन्हा पहिल्या जागेवर. असं सात वेळा. चौथ्या खेपेपासून तर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले नऊ जणही रांग सोडून टाळ्या वाजवू लागले. (पैकी दोघांची साखर वाढलेली निघाली.)

सातव्यांदा गुडघा टेकला तो टेकलाच. स्वप्नीलला उठता येईना. समीक्षाने हातमोजे काढले.

"स्वप्नील, आता शेवटचं विचारते. उत्तर नसेल तर आज घरी जाऊन नाही म्हणून सांगते. आणि मी सिनेमातली नाही, एकदा सांगितलं की सांगितलं."

मामा डोळे वटारून मान हलवत होता. स्वप्नीलने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"डबे मी करीन," तो म्हणाला. "पण चपात्या गोल येत नाहीत."

एकही टाळी वाजली नाही. या वाक्याला काय करायचं हे बारा वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं.

"गोल नसल्या तरी चालतील," समीक्षाने त्याला हात देऊन उठवलं, "कच्च्या नकोत."

लग्न झालं. त्याला आता दोन वर्षं होतील. अजूनही स्वप्नील पहाटे साडेचारला उठतो, कणीक मळतो, भाजी टाकतो, दोन डबे भरतो आणि वर ओटाही पुसून...

"थांब, थांब!" येसाजीने कप आपटला. "फेकलीस रं म्हाताऱ्या! आई घरात हाय, बायको घरात हाय, आनि बाप्या माणूस रोज ओटा पुसतो? दोन वरसं? खोटं! साफ खोटं!"

बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हंड्यांत भरलेल्या पावसाला, एका रिकाम्या जागेला, सात वेळा टेकलेल्या गुडघ्याला त्यांच्यापैकी कुणीच हरकत घेतली नव्हती.

तुम्हीही घेतली नव्हतीत.