तीर्थरूप बोलते जाहले त्याची हकीकत

श्री. घरातील वडील मंडळी हल्ली ही हकीकत येणाऱ्या-जाणाऱ्यास आपापल्या सोयीने सांगू लागली, आणि आत्यासाहेबांच्या सांगण्यात तर सारी मोहीम त्यांनी एकट्यांनी, चप्पलही न झिजवता, फत्ते केली ऐसे ऐकू येऊ लागले, सबब घडले ते घडले तैसे लिहून ठेवणे जरूर पडले. यात पदरचे काही घातले नाही. धाकट्या बाईसाहेबांची तारीफ ठिकठिकाणी येईल, तीस इलाज नाही. त्या वागल्याच तैशा.

तरी ऐकावे. तीर्थरूप राजश्री बाबा, लिफ्टदुरुस्तीच्या हुन्नरात मशहूर, नुसत्या आवाजावरून लिफ्टचे दुखणे ओळखणारे, कंत्राटदाराच्या पदरी बहुत वर्षे चाकरीस होते. एके दिवशी एका उंच इमारतीत बिघडलेल्या लिफ्टमध्ये शिरले, आणि दार मिटले, आणि वीज गेली, आणि लिफ्ट दोन मजल्यांमध्ये लटकून राहिली, आणि मदतीची घंटी वाजवावी तर तीच दुरुस्त करावयास आले होते. मग बहुत वेळाने लोकांनी बाहेर काढिले, तेव्हा तीर्थरूप हसून बोलिले की, "काही नाही झालं," आणि पाणी प्याले, आणि घरी आले.

त्या दिवसापासून "काही नाही झालं" याचा अंमल घरावर बसला. काही न झालेले तीर्थरूप लिफ्टमध्ये पाऊल घालीनात. खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन गच्चीपर्यंत जिने चढावे, वरून मशीन दुरुस्त करावी, आणि जिनेच उतरावे. न्हाणीघरास कडी लावीनात. दार उघडे टाकून अंघोळ करावी आणि कोणी चुकून आत शिरू नये म्हणून मोठ्याने गावे, आणि गळा ऐसा की शेजारी आपल्या खिडक्या लावून घेत. रात्री खोलीचे दार सताड, आणि डोळेही सताड. पूर्वी जेवताना दिवसभरातील लिफ्टांच्या चहाड्या सांगत, कोणती लबाड, कोणती रडकी, कोणती माणूस पाहून अडते. ते सारे बंद पडले. मातोश्रींनी काय होते म्हणून विचारले तर "काही नाही", आणि धाकट्या बाईसाहेबांनी विचारले तर "अभ्यास कर". घरात माणूस होते, परंतु त्याचे बोलणे कोठे अडकले होते ते कोणास काढता येईना.

मग मसलत बसली. काकासाहेब, तीर्थरूपांचे धाकटे बंधू, विमा विकण्यात हयात घालविलेले, यांनी हुकूम फर्माविला की मनावर घेऊ नये. आत्यासाहेब, थोरल्या भगिनी, यांचा हुकूम की रोज सकाळी पायी फिरावे. जो दिवसभर जिने चढतो त्यास आणखी फिरावयास धाडण्याची ही अक्कल पाहून धाकट्या बाईसाहेब थक्क जाहल्या, आणि मग पुढे होऊन त्यांनी खबर दिली की, शाळेत आरोग्य खात्याच्या बाई येऊन सांगून गेल्या, सरकारी दवाखान्यात माणसाचे मन लावून ऐकणारे माणूस बसते, आणि त्यास पैसे पडत नाहीत. वर्गातील समस्त सरदार त्या वेळी डबे उघडण्यात गुंतले होते. ही खबर एकट्या धाकट्या बाईसाहेबांनी उचलली.

आत्यासाहेबांची मर्जी खफा जाहली. "वेड लागलंय का त्याला? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ताच म्हणतायत, आत्या. गाणं बंद करा म्हणतायत."

मातोश्रींस हसू आले, आणि मग ते थांबले, आणि मग त्या बोलिल्या, "जायचं. बास." त्या घरात "बास" यावर दाद मागण्याची सोय नाही.

पहिली स्वारी निघाली ती तीर्थरूप आणि धाकट्या बाईसाहेब, इतकीच. किल्ला म्हणजे सरकारी दवाखाना, त्याच्या तोंडाशी केसपेपरची खिडकी, आणि तीमागे बसलेले खिडकीनशीन ऐसे की त्यांची नजर आजवर कोणावर पडली नाही, फक्त आवाज पडतो.

"कशाचं?"

"जरा बोलायचं होतं," तीर्थरूप हळू बोलिले.

"मग बोला ना. मागे रांग आहे."

"म्हणजे ते... मनाचं."

"कशाचं? मोठ्याने बोला, मनाचं का?"

तेव्हा इतका वेळ आपापल्या खोकल्यात गर्क असलेली समस्त रांग वळून पाहू लागली, आणि तीर्थरूपांचा धीर सुटला, आणि ते बोलिले, "गुडघा. गुडघा दुखतो."

मग स्वारी हाडांच्या विभागी रवाना जाहली. तेथील डॉक्टरांनी गुडघा दाबला तो खरोखरच दुखत होता, कारण जिने. डॉक्टरांनी पुसिले, जिने फार चढता का. तीर्थरूप होय म्हणाले. "तुमच्याकडे लिफ्ट नाहीये का?" अर्ध्या शहराच्या लिफ्टा ज्यांच्या हातून गेल्या ते तीर्थरूप खाली पाहून बोलिले, "आहे." "मग वापरा की," ऐसे फर्मान निघाले. येणेप्रमाणे ज्या लिफ्टच्या धास्तीने किल्ला गाठला तीच लिफ्ट औषध म्हणून पदरात घालून, वर मलमाची नळी इनाम देऊन, सरकारने फौजेची बोळवण केली. मातोश्रींनी ती नळी पाहिली, आणि तीर्थरूपांस खुर्चीवर बसवून गुडघ्यास मलम चोळीत राहिल्या.

दुसऱ्या स्वारीस खिडकीशी धाकट्या बाईसाहेब खासा उभ्या राहिल्या. शाळेच्या प्रार्थनेत माईक बंद पडला तरी ज्यांचे अडत नाही त्या आवाजात त्यांनी सांगितले, "मनाचं. माझ्या बाबांना बोलायचंय." रांग वळली. धाकट्या बाईसाहेबांनी रांगेकडे पाहिले. रांग परत वळली. खिडकीनशीनांनी सांगितले की, ऐकणाऱ्या बाई फक्त गुरुवारी असतात. गुरुवारी गेले तो बाई ट्रेनिंगला गेलेल्या, आणि ते ट्रेनिंग, रुग्णांस सहज कसे भेटावे, या विषयाचे होते ऐसे मागाहून कळले. त्यापुढील गुरुवारी मातोश्रीही बरोबर निघाल्या, आणि बाई होत्या, परंतु आधी वजन, उंची आणि रक्तदाब. बोलावयास आलेल्या माणसाची उंची कशास, ऐसे विचारिता नर्सबाई बोलिल्या, "सगळ्यांची करतात."

मग जिने चढून वरच्या मजल्यावरील लांब बोळाच्या टोकाशी, पूर्वी सामानाची असावी ऐशी खोली, निम्मी लसींच्या रिकाम्या पेट्यांनी भरलेली, तेथे फौज पोचली. तो आत्यासाहेब आणि काकासाहेब कुमकेस आधीच दाखल होऊन बऱ्या खुर्च्या धरून बसले होते. "एकटा कसा सोडायचा त्याला?" ही त्या कुळाची जुनी चाल, दाढ काढावयाची असली तरी तोंड उघडून सांगण्यास चार माणसे बरोबर जातात.

समुपदेशकबाई वयाने लहान, आवाज बारीक. त्यांनी तीर्थरूपांस पुसिले, काय होते. आत्यासाहेब बोलिल्या, "लहानपणापासून हळवा आहे हो." बाईंनी पुसिले, झोप लागते का. "नाही लागत," काकासाहेब. भूक? "भूक आहे," मातोश्री. आणि धाकट्या बाईसाहेबही, खरे लिहावयाचे तर, मध्ये "लिफ्ट, लिफ्ट" ऐसे ओरडल्याच. तीर्थरूप लसींच्या पेट्यांकडे पाहत बसले.

बाईंनी पेन खाली ठेविले. "छान. आता तुम्ही सगळे बाहेर थांबा. मला यांच्याशी बोलायचंय."

"आम्ही काय परके आहोत?" आत्यासाहेब.

"नाही ना. म्हणूनच."

तेव्हा समस्त फौज बोळात आली आणि दार मिटले. मिटले, आणि लगेच आत खुर्ची सरकली, आणि दार उघडले, आणि तीर्थरूप उंबऱ्यात उभे, सदरा घामाने भिजलेला, चौकट हाताने घट्ट धरलेली. काकासाहेब बोलिले, "राहू दे दादा, घरी चल." आत्यासाहेब बोलिल्या, "मी म्हटलंच होतं." ती घटका मोठी कठीण होती. तीर्थरूप एक पाऊल बाहेर टाकते तर सारी मोहीम बुडती, आणि पुन्हा ते त्या खिडकीशी कधी न येते.

मग तीर्थरूप वळले, आणि कोणाच्या मदतीवाचून बाईंस बोलिले, "दार लावलं की मला श्वास पुरत नाही."

इतक्या महिन्यांत कोणास न सांगितलेली गोष्ट ती हीच.

बाई बोलिल्या, "मग उघडं ठेवू. पण बाहेर ऐकू जाईल."

"कोण ऐकतंय ते मी बघते," धाकट्या बाईसाहेब बोलिल्या, आणि बोळाचा ताबा घेतला. हुकूम सुटला की जितके नातलग तितके पाण्याच्या टाकीपलीकडे. आत्यासाहेबांनी रदबदली केली की, "मी मोठी बहीण आहे त्याची," तेव्हा मातोश्रींनी त्यांचा दंड धरून त्यांस टाकीपलीकडे नेऊन उभे केले. मग रक्त कोठे तपासतात म्हणून शोधीत एक आजोबा आले, त्यांस तीर्थरूपांच्या गुडघ्याचा अनुभव सांगून खिडकीकडे मार्गस्थ केले. मग एक वॉर्डबॉय काका पेटी घेऊन चालून आले.

"पेटी ठेवायचीय आत."

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"माझे बाबा बोलतायत."

काकांनी उघड्या दाराकडे पाहिले, मग पेटी बोळातच टेकविली आणि तीवर बसून राहिले.

आतून तीर्थरूपांचा आवाज येत होता. शब्द नव्हे, नुसता आवाज, मध्येच थांबे, मध्येच भरभर चाले. बखरकारास सर्व ठाऊक असते ऐसा रिवाज आहे. आत काय बोलणे जाहले ते या बखरकारास ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेतलेही नाही.

मग तीर्थरूप बाहेर आले. डोळे लाल होते, आणि ताठलेले खांदे खाली आले होते. आत्यासाहेब पलीकडून धावल्या, "काय काय बोललास रे?"

"बोललो," ऐसे उत्तर देऊन तीर्थरूप चालू लागले, आणि उतरले ते जिन्यानेच. बखरीत चमत्कार लिहिण्याची चाल आहे, परंतु जाहलाच नाही तो कोठून लिहावा.

या मोहिमेत हाती आलेला मुलूख येणेप्रमाणे: निम्मी पेट्यांची खोली, तिचे उघडे दार, आणि पुढील भेटीचा गुरुवार, बाई ट्रेनिंगला न गेल्यास. तीर्थरूप स्वमुखे बोलिले, आणि त्यांच्या वतीने दुसरे कोणीही बोलिले नाही. त्या कुळात ऐसे पूर्वी कधी जाहल्याचा दाखला मिळत नाही, सबब ही फत्ते म्हणून लिहिली असे.